घराला एक जागा

अनुभवाच्या दाखल्यावर पत्ता मुरबाड बाजारातला होता. दुसरा मजला, ऑफिस नंबरासकट. मी इमारतीसमोर स्कूटी लावली आणि वर बघितलं. इमारतीला दुसरा मजलाच नव्हता. खाली कोंबड्यांचं दुकान होतं. दुकानदार सुरा फडक्याला पुसत म्हणाला, "कंपनी शोधताय ना? तुमच्या आधी बी एक जण येऊन गेला. कंपनी नाय बाय, कोंबडी हाय. किती देऊ?"

असं हसण्यासारखं कधीमधी घडतं. पण काम हसण्याचं नाही. नोकरीला अर्ज करणारा माणूस लिहितो, मी अमक्या ठिकाणी इतकी वर्षं काम केलं. ते खरं की खोटं, हे मी बघते. कल्याणच्या एका एजन्सीकडून मोबाइलवर फायली येतात. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके माझ्याकडे. बाकीचे लोक फोनवर काम उरकतात. मी जागेवर जाते, कारण दाखल्यावरच्या नंबरवर कंपनीचा साहेब म्हणून उमेदवाराचा मामा बोलतो, हे मी अनुभवलेलं आहे. एका मामाच्या मागे तर म्हैस ओरडत होती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. वैशाखऱ्याहून एसटीने मुरबाडच्या कॉलेजात जाऊन बी.कॉम. झाले, एकही विषय मागे न ठेवता. आईबापांपर्यंत आमच्या घरातल्या सगळ्या कागदांवर अंगठेच होते. म्हणून खोटा कागद दिसला की मला राग येतो. तो झेरॉक्सच्या दुकानात बनवून घेणाऱ्याचा येतो, आणि 'जाऊ द्या ना मॅडम' म्हणणाऱ्याचाही येतो.

रागाला आणखी एक कारण आहे. आमच्या शेजारच्या घरातला कर्ता माणूस एका गोडाऊनमध्ये माल उतरवायला होता. तिथे फोर्कलिफ्टवर नवा ड्रायव्हर आला, चांगला भरभक्कम अनुभवाचा दाखला घेऊन. त्याने ती गाडी आधी कधी चालवलीच नव्हती. शेजाऱ्याचं पाऊल गेलं. आता तो ओट्यावर बसून घाटाकडे जाणाऱ्या गाड्या बघतो. मी स्कूटी काढली की ओरडून सांगतो, "नीट बघ गो. कुणाला सोडू नको."

मी कुणाला सोडत नव्हते.

गेल्या भातकापणीच्या दिवसांत डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरच्या मुलीची फाइल आली. बारावी झालेली, चोविशीची, लग्न न झालेली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल मोजून घ्यायच्या जागेसाठी तिची निवड झाली होती. पडताळणी तेवढी बाकी होती. तिने लिहिलं होतं की आसनगावजवळच्या गोडाऊनमध्ये, ठेकेदाराकडून, तिने तीन वर्षं पॅकिंगचं आणि माल तपासायचं काम केलं.

ठेकेदाराचं ऑफिस म्हणजे आसनगावला रिकाम्या खोक्यांच्या ढिगामागची एक खोली. तिथल्या क्लार्कने कॉम्प्युटरवर नाव घातलं आणि मान हलवली.

"नाय म्याडम. ही आपल्याकडं नव्हतीच."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. त्याच पाड्याची, त्याच आडनावाची एक हाय. पण नाव दुसरं. ती अजून कामावर येते." मग तो हसला. "लग्न करून नाव बदललं असेल."

"लग्नात आडनाव बदलायचं सोडून नुसतं नाव बदललं? आणि हिचं लग्नच झालेलं नाही."

"मग तुम्हाला टोपी घातली."

मलाही तेच वाटलं. घरातल्या दुसऱ्या बाईचा अनुभव उचलून हिने आपल्या नावावर लिहिला. सरळ खोटं. फाइलमध्ये पत्त्याचीही पडताळणी होती, म्हणजे घरी जायचंच होतं. म्हटलं, तोंडावरच विचारू.

पाड्यावर गेले तेव्हा बहुतेक घरं ओस होती. सगळे शेतावर, नाहीतर खळ्यावर. मुलगी खळ्यावरूनच आली. केसांत पेंढ्याचा कचरा, हातात विळा. तिने विळा कुडाला खोचला, पाय धुतले आणि मला पाणी दिलं. घरात तिची वहिनी होती, कडेवर पोर घेतलेली. त्या दिवशी वहिनीला गोडाऊनची सुट्टी होती. नाव विचारलं तेव्हा कळलं की क्लार्कच्या कॉम्प्युटरवरची बाई हीच.

मी सरळ विचारलं. "तू तिथे काम केलेलं नाहीस. तिथे तुझं नावच नाही."

मुलीने वहिनीकडे बघितलं. उत्तर वहिनीने दिलं. "नाव माजं हाय म्याडम. कामाला ती जायची."

"असं कसं?"

"मी लागले नि थोड्याच दिवसांत ह्यो पोटात ऱ्हायला," तिने पोराला वर सरकवलं. "उलट्यांनी जीपमदी बसवंना. मंग ती गेली माज्या पासावर. ह्यो झाला, रांगाय लागला, चालाय लागला, तरी तीच गेली."

"आणि पासावरचा फोटो?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "आतमदी धूळ लय असते," मुलगी म्हणाली. "सगळ्या जणी ओढणी बांधूनच असतात. डोळं तेवढं दिसतात. माजं डोळं कुठलं नि वयनीचं कुठलं, कोन बघतंय?"

"माजं चांगलं हायत," वहिनी म्हणाली. "तिचं बारीक."

माझी एक पद्धत आहे. माणूस जिथे काम केलं म्हणतो, तिथलं असं काहीतरी विचारायचं, जे कुठल्याच दाखल्यावर येत नाही. त्या गोडाऊनमध्ये मी आधी दुसऱ्या फायलींसाठी जाऊन आले होते.

"जेवणाचा डबा कुठे ठेवायचीस?"

"मागच्या शटराजवळ पानी तापवायचं मशीन हाय, त्याच्यावर. डबा गरम ऱ्हातो. पन सुपरवायझर इकडं वळला की पटकन काढायचा, तो वरडतो."

मी वहिनीकडे वळले. "आणि तुम्ही?"

"मी? पिशवीत. खाली."

"वयनी, तुला कितींदा सांगितलं, मशीनवर ठेव म्हनून."

"माज्या टायमाला तिथं जागाच नसते गो."

मला कळायचं ते कळलं. जी आज कामाला जाते तिच्यापेक्षा हिला ती जागा जास्त माहीत होती. मग मुलीने पुढचं सांगितलं. आदल्या होळीच्या सुमाराला गोडाऊनच्या गेटवर अंगठ्याचं मशीन बसलं. नाव वहिनीचं, म्हणून अंगठा वहिनीचा घेतला. त्या दिवसापासून हिचं काम बंद. म्हणून तिने मुरबाडला अर्ज केला.

"पण अशी दुसरीच्या नावावर कामाला जायची युक्ती कुणाची?"

"युक्ती कसली? आमच्याकडं तसंच हाय," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात स्कूटी बघून मुकादमीण आली. पाड्यातल्या बायांना रोज जीपने गोडाऊनला नेणारी आणि ठेकेदाराशी बोलणारी ती. पन्नाशी उलटलेली, कमरेला पदर घट्ट खोचलेला. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोन गो ही?"

"म्याडम हायत. नोकरीच्या."

"नोकरी द्यायला आलीस बाय, का काढायला?"

मी म्हटलं, मावशी, बसा, तुम्हीच सांगा. ती उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली.

"जीपमदी जागा किती, नि पाड्यात बाया किती? पयल्या वर्षी नुसती भांडनं. ज्या घरात तिघी, तिथल्या तिघी बी जायच्या. ज्या घरात एकलीच, ती ऱ्हायची मागं. मंग मी म्हनलं, घराला एक जागा. मी मानसं नाय मोजत, चुली मोजते. त्या जागंवर कोन येतंय ते त्या घरानं बघावं. एकीची लावनी असंल, एक बाळतीन असंल, दुसरीनं यावं. जागा रिकामी नाय ठेवायची, येवढंच माजं सांगनं."

म्हणजे पास कुणाच्याही नावाचा असला तरी त्यांच्या लेखी तो घराचा होता. शेताला गडी लागतो तेव्हा घरातून एक माणूस यायचं ठरतं, भाऊ आला काय नि बाप आला काय. तोच हिशोब त्यांनी गोडाऊनला लावला होता. ठेकेदारालाही मुंडकी भरल्याशी मतलब.

"पण मावशी, पास एकीचा नि काम दुसरीचं, याला फसवणूक म्हणतात."

"फसवलं कुनाला? खोकी कमी भरली का आमी?"

"आत काही लागलं असतं, पडलं असतं, तर? कागदावर ही घरी, वहिनी आत. हिला कुणी दवाखान्याचा खर्चसुद्धा दिला नसता." मला शेजाऱ्याचं पाऊल आठवत होतं. "माणूस आतमध्ये होता हेच कुणी मानलं नसतं."

"व्हय," ती म्हणाली. "ते मातर खरं."

मग मी मला सुचलेला मार्ग सांगितला. मुकादमीण म्हणून तिने लिहून द्यावं की ही मुलगी माझ्या हाताखाली तीन वर्षं कामाला होती, आणि सही करावी. मी ते फाइलला जोडीन.

"सही येती मला," ती म्हणाली. "पर ठेकेदाराला कळंल?"

"कळेल. तुमचं म्हणणं त्याच्याकडून पक्कं करून घ्यावं लागेल."

"मंग तो इचारील, आनखी कुनाच्या घरात असं व्हतं. सगळ्याच घरात व्हतं, बाय. वरचा मालक ठेकेदाराला काढील, ठेकेदार आमाला. जीप बंद व्हईल." तिने मुलीकडे बघितलं. "तूच सांग गो. तू म्हनशील तर देते."

"दे की," वहिनी पटकन म्हणाली. "मी बसन घरी. माजं काय अडलंय?"

"तू बसशील गो," मुलगी म्हणाली. "बाकीच्या?"

अंगणात कोंबडी भात टिपत होती. वहिनीने तिला उगाचच हुसकावलं. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "म्याडम, माजं नाव नाय सापडलं, असंच लिवा. नोकरी जाईल तर जाईल. दुसरी बघीन."

मग मला तिला ते सांगावं लागलं, जे सांगायला जीभ रेटत नव्हती. नुसती ही नोकरी जाणार नव्हती. नाव सापडत नाही आणि दुसरीची नोंद स्वतःची म्हणून सांगितली, याला आमच्या भाषेत फ्रॉड म्हणतात. तो शिक्का एकदा बसला की एजन्सी ज्या ज्या कंपन्यांचं काम बघते तिथे तिथे तो दिसतो. मुरबाडला, आसनगावला, भिवंडीपर्यंत, कुठेही अर्ज केला तरी.

"म्हंजी मी चोर?"

"कागदावर."

तिने कुडात खोचलेला विळा काढला आणि खळ्यावर निघून गेली.

एजन्सीत माझ्या वरचे एक साहेब आहेत. मी त्यांना वाटेतच फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, यात विचार कसला? फ्रॉड टिक करा, फाइल क्लोज करा."

"सर, तिने काम केलेलं आहे."

"प्रूफ?"

"नाही."

"मग? आणि हे असं तुम्ही बोलताय?"

त्यांचा टोमणा बरोबर होता. आजवर कुणी 'मॅडम, काम केलंय हो, कागद नाही' म्हटलं की मीच त्याला विचारत आले होते, प्रूफ?

घरी थोरली बहीण कापणीला माहेरी आली होती. सूप घेऊन ओसरीत बसलेली. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल बाई गं, काय हे. ती सूप हलवत राहिली.

"मंग त्यात काय? आपल्या घरात बी एकच जागा व्हती."

"कसली?"

"कॉलेजची. तुजी परीक्षा दर साली कापणीत यायची. तुज्या वाटणीचं भात कोन कापायचं? का ते आपोआप खळ्यावर यायचं?" ती हसत होती. "दहावीला मला तुज्यापेक्षा मार्क जास्त व्हते, ठाव हाय ना? घे की लिवून तुज्या मोबाइलमदी. माजा बी अनुभव."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी तपासायला आलीस?" आणि तिने सुपातला कोंडा माझ्या बाजूला उडवला, लहानपणी उडवायची तसा.

माझी पदवी माझीच आहे. मी अभ्यास केला, मी पेपर लिहिले, त्यात कुणाची भागीदारी नाही. आजही मी हेच म्हणेन. पण त्या दिवशी जेवताना मला बहिणीच्या हातांकडे बघवेना. घराने आपली एक जागा कुणाला द्यायची ते ठरवलं होतं, आणि नाव माझं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एजन्सीचे नियम पहिल्यापासून वाचून काढले. नोकरीला लागताना वाचले होते, पण तेव्हा माणसं पकडण्याच्या नजरेने वाचले होते. त्यात एक वाट निघाली. अहवाल जायच्या आधी उमेदवाराने स्वतः लिहून दावा मागे घेतला, तर तो दावा तपासायचाच राहत नाही. मग फ्रॉडचा शिक्काही बसत नाही. पुढे तिला ठेवायचं की नाही, हे कारखान्याने बघायचं.

मी साहेबांना फोन केला. ते कुरकुरले. पण नियम त्यांच्याच कंपनीचा होता.

मुलीला किन्हवलीच्या नाक्यावर बोलावलं. ती शेअर रिक्षातून उतरली, धुतलेला ड्रेस घालून, मुलाखतीला आल्यासारखी. मी तिला वाट समजावली. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी मी काम केलं नाय, असं लिवायचं."

"नाही. तसं अजिबात लिहू नकोस, ते खोटं आहे. 'मी अनुभवाचा दावा मागे घेत आहे', एवढंच लिही."

"त्यांना तर तेच कळनार ना, काम केलं नाय म्हनून?"

मी तिच्यापुढे पेन धरलं.

तिने स्कूटीच्या सीटवर कागद ठेवला आणि लिहिलं. अक्षर छान होतं, गोल. मध्येच थांबून तिने विचारलं, "पगार?"

"ठेवलं तर नवशिक्याचा."

तिने मान हलवली, ओळ पुरी केली आणि खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट, सावकाश. मी फोटो काढून पाठवला. कागद परत द्यायला लागले तर तिने घेतला नाही.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. घरी वयनी बघील. ती अजून रडते, माज्या नावापायी हिचं असं झालं म्हनून. तिला मी सांगितलंय, म्याडमनी सगळं जमवलं."

मग तिने समोरच्या दुकानातून पोरासाठी बिस्किटाचा पुडा घेतला आणि रिक्षात बसून गेली.

कारखान्याने तिला ठेवलं. हे मला एजन्सीकडून कळलं. अनुभवाच्या जागी रेघ मारून.

थंडी सरत आली तेव्हा त्याच कारखान्यात मला दुसऱ्या एका उमेदवाराच्या फायलीसाठी जावं लागलं. ज्यांच्याशी बोलायचं होतं ते स्टोअरचे सुपरवायझर होते, म्हणून मला स्टोअरमध्येच बसवलं. ती लांबच्या टेबलाशी उभी होती. इथे धूळ नव्हती, ओढणी नव्हती, चेहरा उघडा होता. गळ्यात पास होता. त्यावर फोटो तिचा होता आणि नाव तिचं होतं. तिने मला ओळखलं, पण काम सोडलं नाही. एका हाताने खोकं फिरवायचं, दुसऱ्याने टेप दाबायची, तोंडाने मोजायचं, असं चाललं होतं.

सुपरवायझर मी बघत होते तिकडे बघत कौतुकाने म्हणाले, "नवीन पोरगी आहे. एकदम फ्रेशर. पण हात बघा तिचा. बाकीच्यांना जे यायला दोन-दोन महिने लागतात, ते हिला पहिल्याच आठवड्यात आलं." आणि मग मोठ्याने तिला, "काय गं, खरं सांग, आधी कुठे काम केलं होतंस का?"

खोकं फिरायचं थांबलं.

"नाय साहेब," ती म्हणाली. "घरीच व्हते."

सुपरवायझर माझ्याकडे वळले. "तुम्हीच केलं होतंत ना हिचं व्हेरिफिकेशन?"

"हो," मी म्हणाले. आणि ज्या कामाला आले होते त्या माणसाचं नाव विचारलं.

त्याचा रेकॉर्ड बघायला ते मागच्या कपाटाकडे निघाले. तिथे भिंतीला लागून पाणी तापवायचं मशीन होतं आणि मशीनवर एक डबा ठेवलेला होता. ते तिकडे वळताच ती टेबलामागून पुढे झाली, डबा उचलून तिने खाली पिशवीत ठेवला आणि परत येऊन मोजू लागली.